नव्या बंदुकीचा घास

माझे वडील आणि माझे सासरे आधी दोस्त होते, व्याही नंतर झाले. त्यामुळे लग्न ठरवताना मला कुणी विचारलं असेल, अशी शंकासुद्धा घेऊ नका. शेळगावच्या माळावर दोघं एका सशामागे धावले, ससा काही हाती लागला नाही, आणि बाभळीखाली दम खात बसल्या बसल्या दोघांनी सोयरीक जुळवून टाकली. तो ससा मिळाला असता तर मी आज कुठे असते कोण जाणे.

वडिलांचं नाव महिपती, पण मी धरून सगळं शेळगाव त्यांना तात्या म्हणायचं. इंदापूरच्या बाजूची कोरडवाहू जमीन, ज्वारी पिकली तर पिकली. माळावर मात्र तित्तर, लावे, ससे भरपूर. माझे सासरे अप्पा माळेगाव बुद्रुकचे बागायतदार. कालव्याचं पाणी, ऊस, घरचं गुऱ्हाळ. गावात साखर कारखान्याचं धुराडं नुकतंच उभं राहिलं होतं, तरी अप्पांनी गुऱ्हाळ मोडलं नव्हतं. घरात ठासणीची एक जुनी बंदूक होती, अप्पांच्या आजोबांची. तिच्यात वरून दारू आणि छर्रे ठासायचे, मग बार. तिचा आवाज एवढा, की ससा मेला नाही तरी बहिरा नक्की होत असेल.

त्या वर्षी चैत्रात दोघं मिळून पुण्याला गेले आणि नवी बंदूक घेऊन आले. टू-टू, म्हणजे बारीक गोळीची पॉइंट टू-टू रायफल. परवाना अप्पांच्या नावावर, पण पसंती दोघांची. बारीकशी नळी, लाकडाचा गुळगुळीत दस्ता, आणि काडतूस म्हणाल तर करंगळीच्या पेरापेक्षाही बारीक. ठासणीची बंदूक बघितलेल्या आम्हा बायकांना ते खेळणंच वाटलं. गंमत अशी, की त्या एकाच नळीत दोन जातीची काडतुसं चालत. एक आखूड, एक लांब. बुडाच्या कडेवर टिचकी बसली की दोन्ही उडत. दुकानदारानं दोन्ही काचेवर उभी करून दाखवली आणि म्हणाला, काय हवं ते घ्या. तिथून जे भांडण सुरू झालं ते दसऱ्यापर्यंत चाललं.

तात्या आखूडवाले. त्यांचं म्हणणं, "आखूड लई झालं. आवाज न्हाय, हिसका न्हाय. येक तित्तर पडला तर शेजारचा मान वर करून बघतोय, उडत न्हाय. सशाचं मास नासत न्हाय."

"आनि लांबनं मारायचं आसंल तर?" अप्पा म्हणायचे.

"लांबनं कशाला मारायचं? जवळ जायाचं. जवळ जानं हीच शिकार. बोट दाबायला काय, कुनी बी दाबतंय."

अप्पांना ते पटायचं नाही. त्यांच्या उसात कोल्हे शिरायचे, कांडी कांडी सोलून खायचे. "तुमचं आखूड काडतूस कोल्ह्याला गुदगुल्या करंल, इवाई," ते म्हणायचे. "लांब घाला. बांधावर बसल्या जागेवरनं काम व्हतंय." खरं तर दोघंही आपापल्या जमिनीसारखं बोलत होते. कोरडवाहूवाल्याला चालायची सवय, बागायतवाल्याला बसायची. हे मी एकदा बोलून दाखवलं तर दोघांनी मिळून मला चहा टाकायला आत पिटाळलं.

उन्हाळाभर कालव्याच्या बांधावर नेमबाजी चालायची. वाळलेले दोडके, रॉकेलचे रिकामे डबे, मागच्या दिवाळीच्या पणत्या. तात्या आले की आखूड, अप्पांची पाळी आली की लांब. तात्यांचा नेम असा, की पणतीची चोच उडायची आणि पणती जागेवर राहायची. डावा डोळा मिटून उजवा नळीला लावला की त्यांचा चेहरा देवपूजेला बसल्यासारखा शांत व्हायचा. लहानपणी याच चेहऱ्यापुढं मी तासन्‌तास बसलेली. आई म्हणायची, हा माणूस घरात असा कधी दिसत नाही. ते खरंच होतं. शेतात पिकत नव्हतं, भाऊबंदांत मान नव्हता, पण "महिपतीची नजर" हा शब्द चार गावांत होता. माणसाजवळ मोठेपणाचं एकच काही असलं की ते तो फार जपतो.

मग खंडेनवमी आली. नव्या बंदुकीची पहिलीच पूजा.

आमच्या घरात एक रीत होती. खंडेनवमीला विळा, कोयता, नांगराचा फाळ सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. बंदुकीला मात्र त्यावर एक घास. घरच्या गुळाचा खडा तुपात मळून नळीच्या तोंडात घालायचा. वर्षभर आमच्यासाठी तोंड काळं करते, एक दिवस गोड करू दे, असं माझी सासू द्वारकाबाई म्हणायची. मी तिला आत्याबाई म्हणत असे. ठासणीच्या बंदुकीचं तोंड अंगठा जाईल एवढं. घास पडायचा, पुढच्या बाराला गज घालताना निघून यायचा. पिढ्यान्‌पिढ्या कधी काही झालं नव्हतं.

या बंदुकीचं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. आत्याबाईंनी गूळ लावला तर तो वरच राहिला. त्यांनी आणखी तूप घेतलं, गूळ मऊ केला आणि उदबत्तीच्या काडीनं हळूहळू आत सारला. तान्ह्या बाळाला बोंडल्यानं दूध पाजतात ना, अगदी तशा मायेनं. "तोंड तर बघ केवढंसं लेकराचं," त्या मला म्हणाल्या. मला त्या वेळी त्या फार आवडल्या. हे आता लिहितानाही तसंच वाटतं. म्हणूनच वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी अप्पांनी बंदूक खाली काढली तर भिंतीवरून मुंग्यांची रांग थेट नळीच्या टोकापर्यंत. घरात हशा पिकला. आमचे हे म्हणाले, "बंदुकीला बी मुंग्या लागायला लागल्या." अप्पांनी पंच्यानं मुंग्या झटकल्या, टोक पुसलं आणि बंदूक खांद्याला लावली. एरवी अप्पा नळीतून चिंधी ओढल्याशिवाय बार काढत नसत. पण पूजेची बंदूक सोनं लुटायच्या आधी साफ करायची नाही, हीही आमच्याकडची रीतच.

तात्या दसऱ्याला लेकीकडे आले होते. सीमोल्लंघनाला निघालेल्या माणसांपुढे अप्पांनी जाहीर केलं, की आज आखूड-लांबचा निकाल. कालव्याच्या बांधाकडेला बाभळीच्या फांदीला नारळ टांगला. दोघांना एकेक बार. ज्याचा नारळ त्याचं काडतूस खरं. अंतर असं, की एरवी तात्यांनी तिथल्या नारळाची शेंडी उडवली असती.

पाहुण्याचा मान म्हणून पहिला बार तात्यांचा. त्यांनी आखूड काडतूस भरलं, गुडघा टेकला, डावा डोळा मिटला. टिच्‌ असा आवाज झाला, नेहमीपेक्षाही दबका. नारळ हलला नाही. मागच्या बांधाची मातीसुद्धा उडाली नाही. गोळी गेली असती तर कुठेतरी माती उडाली असती ना? पण हे मला सुचलं ते पुष्कळ नंतर. त्या वेळी सगळे नारळाकडेच बघत होते.

तात्या बंदुकीकडे बघत राहिले. मग नारळाकडे. मग त्यांनी हातानं डोळा पुसला.

अप्पांनी बंदूक घेतली, लांब काडतूस भरलं आणि दाबलं. मोठा आवाज झाला, बंदूक हातात उसळली आणि नारळ फांदीला गरगर फिरला. माणसांनी आरोळी ठोकली. हिसका अंमळ जास्तच बसला, तर अप्पांना वाटलं, हीच तर लांब काडतुसाची ताकद. आणि मग भर माणसांत ते बोलून गेले, "इवाई, काडतूस आखूड चालंल हो. पन नजर आखूड झाली तर काय करायचं?"

व्याह्यांनी व्याह्यांची चेष्टा करायचीच असते. आमच्या लग्नात तर तात्यांनी अप्पांच्या पोटावरून जे काही म्हटलं होतं ते लिहिण्यासारखं नाही. माणसं हसली, तात्याही हसले. त्यांनी सगळ्यांना आपट्याची पानं दिली, मला जवळ घेतलं आणि जेवायला न थांबता शेळगावला गेले. जाताना मला म्हणाले, "मुक्ते, तुला माझ्या डोळ्यात काय दिसतंय का गं? पांढरं-बिंढरं?" मी नीट बघितलं. काही नव्हतं. तसं सांगितलं. पण लेक असंच सांगणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांच्या वडिलांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेले होते.

जिंकलेला नारळ अप्पांनी देवघरात टांगला. दिवाळीत करंज्यांना फोडायचा, असं ठरलं. बंदूक खुंटीवर गेली ती तशीच राहिली, कारण गुऱ्हाळाची गडबड सुरू झाली.

दिवाळीच्या तोंडावर आत्याबाईंनी नारळ काढला. गोळीच्या भोकातून पाणी केव्हाच गळून गेलं होतं, खोबरं काळं पडलं होतं. टाकायला निघाल्या तर आत काहीतरी खुळखुळलं. त्यांनी नारळ पायरीवर आपटला. करवंटीतून शिशाचा एक बेढब गोळा पडला. अप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी तो उचलला, उन्हात धरला, नखानं खरवडला. एका गोळीच्या बुडात दुसरी गोळी रुतून बसली होती. पुढची छोटी. मागची मोठी.

अप्पा उठले आणि खुंटीवरची बंदूक घेऊन आले. नळीवरून बोट फिरवत टोकाकडे गेले, आणि टोकाच्या अलीकडे बोट थांबलं. तिथं नळीला बांगडीसारखा फुगवटा आला होता. त्यांनी आत गज घातला, तर गजाच्या टोकाला काळा चिकट राप निघाला. त्यांनी तो नाकाशी नेला. गुळाचा वास आला.

मग सगळं एकदमच उलगडलं. गूळ नळीत वाळून दगड झालेला. आखूड काडतुसाला जोर कमी, तात्यांची गोळी गुळात जाऊन अडकली. अप्पांच्या लांब काडतुसानं तिला मागून ढकललं आणि दोन्ही जोडीनं नारळात गेल्या. तात्यांचा नेम चुकलाच नव्हता. त्यांची गोळी बंदुकीतून बाहेरच पडली नव्हती.

"म्या घास दिला," आत्याबाई म्हणाल्या. अप्पा हसले, खरंच मोकळं हसले. "आगं, झालं ते बरं झालं. नळी फुटून माझं तोंड न्हाय फुटलं, हे काय कमी हाय? आता इवायाचं पाय धरतो. म्हनतो, बाबा, तूच खरा." दसऱ्यापासून तात्यांचा निरोप नव्हता, ते अप्पांना खात होतं. कुणापाशी बोलले नाहीत, पण रोज संध्याकाळी शेळगावकडचं कुणी भेटलं का, म्हणून विचारायचे. त्यांनी कपाटातून आखूड काडतुसांची कोरी पेटी काढली. ही तात्यांना द्यायची आणि सांगायचं, आपण हरलो.

भाऊबीजेला मला माहेरी पोचवायला अप्पा स्वतः आले. बारामतीहून इंदापूरच्या एसटीत बसल्यावर सारखे खिशातला गोळा चाचपत होते आणि मनाशीच हसत होते. "तुझा बाप मला आता जलमभर बोलून दाखवंल बघ," मला म्हणाले. इतकं खुशीत मी त्यांना लग्नानंतर बघितलं नव्हतं.

तात्या अंगणात बाजेवर बसले होते. उजव्या डोळ्यावर पट्टी.

"कोन, इवाई का? या की. आसं समोर या, ह्या अंगाचं दिसत न्हाय अजून."

अप्पा जागच्या जागी थांबले. "डोळ्याला काय झालं?"

"काय व्हायाचंय? तुमी म्हनला तेच खरं निघालं. नजर आखूड." तात्या हसले. "इंदापुरात बाजाराच्या दिवशी येक जन बसतो. सुई घालून मोतीबिंदू खाली सारतो. माझ्या बापाच्या येळंला आसं कुनी न्हवतं, म्हनून तो आंधळा मेला. म्या म्हनलं, आपन येळंवर करून घ्यावं. त्यानं बघितलं, म्हनला, दोन्ही डोळ्यांत धरलाय. न्येमाचा आधी केला. तुळशीच्या लग्नाला येनार हाय, मंग डावा."

"मला कळवलं न्हाय ते?" मी विचारलं.

"दोन्ही नीट झालं की थेट माळेगावला येनार हुतो. नारळ टांगायला सांगनार हुतो तुझ्या सासऱ्याला."

आईनं मला खुणेनं चुलीपाशी बोलावलं. तिचे डोळे रडून लाल झाले होते. ती म्हणाली, दसऱ्याहून आल्यापासून रोज अंगणात उभे राहायचे, एक डोळा मिटायचे आणि बाभळीचे काटे मोजायचे. बघून बघून डोळ्याला पाणी यायचं की म्हणायचे, बघ, धूसर झालं. शेवटी एकटेच इंदापूरला गेले. "पट्टी सोडली की दिवा धरते मी फुडं," ती हळूच म्हणाली. "त्या डोळ्याला ज्योत बी कळत न्हाय, मुक्ते. सांगत न्हाईत. पन मला कळतंय."

मी बाहेर आले. अप्पा बाजेसमोर बसले होते, काडतुसांची पेटी मांडीवर, एक हात खिशात. खिशातली वस्तू तात्यांच्या हातावर ठेवणं म्हणजे तात्यांना सांगणं, की तुमचा डोळा फुकट गेला. आणि न ठेवणं म्हणजे तुळशीच्या लग्नाला दुसरा.

"इवाई," अप्पा म्हणाले, "डावा ऱ्हाऊ द्या."

"का?"

"ऱ्हाऊ द्या, माझं ऐका. येवढ्यात नगं."

"वा! आनि येका डोळ्यानं काय, तुमच्यावानी बांधावर बसू?" तात्यांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. "त्यो मानूस हातचा ग्येला तर परत कधी यायचा?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. घरात सगळ्यांना धाकात ठेवणारा माणूस, पण त्या वेळी सुनेकडे परवानगी मागत होता. मला बापाचा चेहरा दिसत होता, हसरा. दसऱ्यानंतर तो असा नव्हता, हे आईच्या बोलण्यावरून कळलं होतं. तरी मी म्हणाले, "अप्पा, सांगा."

अप्पांनी शिशाचा गोळा तात्यांच्या तळहातावर ठेवला.

तात्यांनी तो अंगठ्यानं फिरवला, मग डाव्या डोळ्याजवळ नेला. शिकारी माणूस. त्यांना पुष्कळसं तिथंच कळलं असावं. "हे कुठं घावलं?"

"दसऱ्याच्या नारळात. मागची माझी. फुडची तुमची." अप्पा म्हणाले. "नळीत गूळ वाळला हुता. खंडेनवमीचा. तुमची गोळी त्यात आडकली, माझीनं ढकलली. तुमचा न्येम चुकलाच न्हवता, इवाई."

तात्या गोळा पुन्हा पुन्हा अंगठ्यानं फिरवत राहिले. आई दारात येऊन उभी होती. शेजारच्या अंगणात पोरी भाऊबीजेचं ओवाळत होत्या, त्यांचा गलका येत होता.

"म्हंजे," तात्या म्हणाले, "डोळा चांगला हुता."

हे त्यांनी विचारलं नाही, नुसतं म्हटलं. अप्पांनी खाली घातलेली मान वर काढली नाही.

मग तात्यांनी विचारलं, "गूळ कुनी घातला?"

"म्या," अप्पा म्हणाले.

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं.

तात्यांनी मान हलवली. "तुमी न्हाय घालायचं. बंदूक पुसल्याबिगर तुमी जेवत न्हाय. इहीणबाईंनी घातला आसंल, नेम म्हनून." त्यांनी गोळा अप्पांच्या हातात परत दिला आणि त्यांची मूठ मिटून वर आपला हात ठेवला. "त्यांना सांगू नगा डोळ्याचं. मोतीबिंदूच हुता म्हना. देवाच्या नावानं घास घातला बाईनं, जलमभर तिच्या घशात आडकंल."

अप्पा रडले. मोठ्यानं, अंगणात, माझ्यासमोर. मला दोघांचाही राग आला होता. चेष्टा करणाऱ्याचा, आणि एका चेष्टेवर डोळा काढून देणाऱ्याचा. दोघांचीही तितकीच दया येत होती.

तुळशीच्या लग्नाला तो माणूस आला, तेव्हा तात्या बाजारात गेले नाहीत. डावा डोळा शेवटपर्यंत चांगला राहिला. त्या डोळ्यानं त्यांनी ज्वारी राखली, नातवंडं बघितली. उजवा कधीच उजळला नाही. काडतुसांची पेटी कोनाड्यात तशीच पडून राहिली. डाव्या खांद्यावर बंदूक घेऊन शिकता आलं असतं, पण त्यांनी पुन्हा बंदुकीला हात लावला नाही. अप्पांनीही नाही. उसात कोल्हे मनसोक्त यायचे. आत्याबाई दर खंडेनवमीला नळी फुगलेल्या बंदुकीवर लांबूनच फूल ठेवायच्या आणि म्हणायच्या, इवायांना मोतीबिंदू झाला नसता तर अजून बार काढले असते. आम्ही व्हय म्हणायचो.

दोघं व्याही एकमेकांकडे येत राहिले. पण कुठेही बसले, ओट्यावर, बांधावर, लग्नाच्या पंगतीत, तरी अप्पा तात्यांच्या उजव्या हाताला बसायचे. त्या अंगाला तात्यांना दिसत नसे.

"इवाई, हिकडं बसा की," तात्या दर वेळी म्हणायचे. "तितं दिसत न्हाय तुमी मला."

"आसू द्या," अप्पा म्हणायचे. "हितंच बरा हाय मी."